नंदीचा रिपोर्ट

संध्या तायडेचा माणसांपेक्षा जनावरांवर जास्त विश्वास होता, आणि जनावरांपेक्षा त्यांच्या नाकातल्या पाण्यावर. माणूस आजार लपवतो. बैल लपवत नाही, पण सांगतही नाही. नाकातलं पाणी मात्र कुणाच्या भिडेला पडत नाही, असं ती म्हणायची. तेही जेवताना म्हणायची, त्यामुळे प्रयोगशाळेत डबा खायला तिच्या शेजारी कुणी बसत नसे.

प्रयोगशाळा अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. खाली भांड्यांचं दुकान, वर जनावरांचे विषाणू. खाली ठोका पडला की वर काचनळ्या थरथरायच्या. अशा जागी बसून संध्या दीड वर्षापासून लम्पीची नवी चाचणी तयार करत होती. लम्पीत जनावराच्या अंगावर गाठी येतात. पण गाठी दिसेपर्यंत तो बैल बाजार फिरून आलेला असतो, चार गोठ्यांच्या माश्या त्याच्या अंगावर बसून आपापल्या घरी गेलेल्या असतात, आणि मग डॉक्टरांना बोलावणं धाडतात. संध्याला तो बैल गाठी यायच्या आधीच पकडायचा होता. नाकातून फिरवलेल्या कापसाच्या काडीवर विषाणूचा एवढासा अंश असला तरी यंत्राच्या पडद्यावरची रेघ वर चढली पाहिजे, इतकी तिची चाचणी तिखट होती. निदान तिचा तसा दावा होता.

दावा कुणाला मान्य नव्हता, तर तो प्रमुखांना, म्हणजे डॉ. गजेंद्र गावंड्यांना. कारण प्रयोगशाळेत आधीपासून चालणारी चाचणी त्यांनी स्वतः बसवलेली. त्या चाचणीवर त्यांची पोटच्या पोरासारखी माया. आणि आपलं पोर जरा मठ्ठ आहे हे कोणता बाप कबूल करतो? संध्याच्या चाचणीबद्दल ते नेहमी चांगलंच बोलत, फक्त वाक्याच्या शेवटी एक ‘पण’ ठेवत.

नागपूरहून समिती यायची होती. समितीचं मागणं एकच: नव्या चाचणीनं गाठी यायच्या आधी पकडलेलं आणि नंतर खरोखर गाठी आलेलं एक तरी जनावर दाखवा. दाखवलंत तर चाचणी पुढे जाईल, नाहीतर बंद. असं जनावर मिळवायचं तर धडधाकट दिसणाऱ्या बैलांच्या नाकात काडी घालावी लागते, आणि धडधाकट बैलाच्या नाकात काडी कोण घालू देतो? चांदूर बाजारला एकानं विचारलं होतं, की तुमच्या घरच्या धडधाकट माणसाले तुमी रोज दवाखान्यात नेता का. संध्याचं माहेर चांदूर बाजारचंच. विचारणारा तिचा सख्खा मामा होता.

शेवटी बोरजवळा तयार झालं. चांदूर रेल्वेपासून आत, काळ्या मातीतलं हे गाव. तिथे शंकरपट भरायचा होता. पटात बैलजोड्या पळवायच्या तर परवानगी लागते, आणि परवानगीला बैलांची तपासणी लागते. पटाच्या मंडळाचे अध्यक्ष नत्थुजी ठाकरे यांनी सरकारी तपासणीबरोबर ही अकोल्याची तपासणीही फुकटात होते म्हटल्यावर, होऊन जाऊ द्या म्हणून सांगितलं. नत्थुजींची स्वतःची लखन-बादलची जोडी या पटात पहिली येणार असं अख्खं गाव म्हणत होतं. नत्थुजी स्वतः तसं कधी म्हणत नसत. ते गावाकडून म्हणवून घेत.

नमुने आणायला प्रयोगशाळेतला स्वप्निल गेला. माणूस कामाचा, पण भिडस्त. बैलांना आणि चहाला नाही म्हणता येत नसे. चौदा बैलांच्या नाकातून त्यानं काड्या फिरवल्या. नत्थुजींचा लखन त्यात होता. बादल कुठे आहे विचारलं, तर तो चांदूर बाजारला जावयाकडे गेला आहे, असं कळलं. बैल जावयाकडे कशाला जाईल, हे विचारायचं स्वप्निलला सुचलं नाही. चहा आला होता.

निघता निघता नत्थुजी म्हणाले की एक राहिला, आमचा नंद्या. मागच्या बाजूला असतो, परक्या माणसाला जवळ येऊ देत नाही, आणा ती काडी, मीच फिरवून आणतो. काडी घेऊन ते गेले, लगेच परत आले, आणि चिठ्ठीवर लिहायला सांगत गेले: रंग काळा. वय बरंच. लक्षणं? बसूनच असतो जी. खातबी नाई, उठतबी नाई. आजूबाजूचे चारजण तेव्हा एकदम आभाळाकडे बघायला लागले, हेही स्वप्निलनं पाहिलं. पण आभाळात काही असेल असं त्याला वाटलं.

चिठ्ठी वाचून संध्याचा जीव गलबलला. उठत नाही, खात नाही, आणि गावात डॉक्टर नाही. तिनं पंधराही नमुने तिच्या चाचणीत लावले. चौदा रेघा तळाला आडव्या पडून राहिल्या, आणि पंधरावी सावकाश, लाजत लाजत, पण वर चढली. संध्यानं परत लावून पाहिलं. परत चढली. गावंडेसाहेबांच्या जुन्या चाचणीत मात्र पंधराही कोरे. म्हणजे जे जुनीला दिसलं नाही ते नवीनं पकडलं! संध्यानं त्या दिवशी खालच्या दुकानातून विनाकारण एक कढई विकत घेतली.

मग तिनं बोरजवळ्याला फोन लावला. नत्थुजी पारावर बसले होते आणि फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा होता, हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिनं गंभीरपणे सांगितलं की तुमच्या नंद्याला लम्पीची लागण दिसते, त्याला बाकीच्या जनावरांपासून ताबडतोब वेगळा बांधा.

“बांधाचं काम नाई पडत बाई,” नत्थुजी म्हणाले, “आमच्या आज्याच्या आज्यानं बसवला तवापासून तो जागचा हालला नाई. महादेवासमोरचा दगडाचा नंदी हाय थो.”

पलीकडे पार हसला. पार हसतो म्हणजे कसा हसतो, हे ज्यानं वऱ्हाडातलं गाव पाहिलं आहे त्यालाच कळेल. संध्याच्या हातातला फोन गरम झाला.

संध्याकाळपर्यंत नंदीचा फोटो पंचक्रोशीतल्या मोबाइलवर फिरला. कुणी त्याच्या कानात थर्मामीटर खोचलं, कुणी मच्छरदाणी टाकली, कुणी कडुलिंबाचा धूर करून ‘लवकर बरे व्हा’ असं खाली लिहिलं. गावचे शेषराव बोंडे, ज्यांची जोडी दरवर्षी नत्थुजींच्या जोडीमागे दुसरी येते, ते नंदीला भेटायला सफरचंदं घेऊन गेले आणि फोटो काढून घेऊन सफरचंदं परत घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी फोटो गावंडेसाहेबांच्या मोबाइलवर होता. त्यांनी संध्याला बोलावलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. एवढं आदरातिथ्य म्हणजे वाईटच. ते म्हणाले की चाचणी तिखट असावी याबद्दल माझं दुमत नाही, पण दगडापर्यंत नको. समितीपुढे हे आलं तर प्रयोगशाळेचं हसं होईल, त्यापेक्षा प्रकृतीचं कारण सांगून आपण चाचणी सध्या मागे घेऊ. कुणाच्या प्रकृतीचं, हे त्यांनी सांगितलं नाही. संध्याला वाटलं, नंदीच्याच सांगतील.

तिनं रात्रीची झोप सोडली नाही, कारण झोप सोडून काही सापडत नाही असा तिचा अनुभव. पण दिवसभर तिनं चाचणी उलटीपालटी करून पाहिली. कोऱ्या काड्या लावल्या, त्या कोऱ्याच आल्या. टेबल पुसून त्याचा नमुना लावला, तोही कोरा. चिडून स्वतःच्या नाकातली काडी लावली, तीसुद्धा कोरी. निदान एवढी तरी बातमी बरी. पंधरावी मात्र पुन्हा चढली. आता दोनच गोष्टी शक्य होत्या: एक तर तिचं दीड वर्ष वाया गेलं, नाहीतर त्या दगडावर खरोखरच विषाणू होता. दगडाला लम्पी होत नाही, हे तिला शिकवलेलं होतं. पण दगडावर शेंबूड लागू शकतो, हे कुणी नाकारलेलं नव्हतं.

ती बोरजवळ्याला गेली. स्वप्निलनं बरोबर यायचं नाकारलं. माझा चहा तिथला बंद झाला, म्हणाला.

गावानं तिचं स्वागत फार प्रेमानं केलं, म्हणजे वाटेत तिघांनी नंदीची तब्येत विचारली. नत्थुजी स्वतः देवळापर्यंत आले, पायरीवरची धूळ धोतराच्या सोग्यानं झाडून दिली आणि पेशंट दाखवला. संध्या नंदीसमोर उकिडवी बसली. सगळा नंदी धुळीनं राखाडी झालेला होता. फक्त त्याचं तोंड काळंभोर आणि तुळतुळीत होतं, आणि ओठांवर मुंग्यांची रांग लागली होती.

“याचं तोंड कोण चाटतं?” तिनं विचारलं.

गाव हसायला जमलं होतं, उत्तर द्यायला नाही. नत्थुजींनी लगेच ऊन फार झालं, घरी चला, असं म्हटलं. एवढ्या हौसेनं आणलेल्या पाहुणीला ते इतक्या घाईनं घरी नेतील, असं संध्याला वाटलं नव्हतं.

घरी नत्थुजींच्या पत्नी दुर्गाबाई चहा घेऊन आल्या आणि परत जायच्या ऐवजी तिथेच दारात बसल्या. त्यांना दोन दिवसांपासून एक गोष्ट विचारायची होती. नवऱ्याला विचारून उपयोग नव्हता, कारण नवरा दोन दिवसांपासून हसतच होता.

“डाक्टरीनबाई, एक सांगा मले,” त्या म्हणाल्या. “नंदी बिमार हाय म्हंता. मंग ज्या बैलानं त्याच्या तोंडाचा गूळ चाटला, त्या बैलाचं कसं होईन?”

“तू चहाचं पाह्य,” नत्थुजी म्हणाले.

“चहा तं पेऊन राहिल्या ना त्या.”

मग दुर्गाबाईंनी जे सांगितलं ते असं. गावात बैलानं कुटारात, म्हणजे कोरड्या चाऱ्यात, तोंड घातलं नाही, की डॉक्टरच्या आधी नंदी. नंदीच्या तोंडाला गूळ फासायचा आणि बैलाला तो चाटायला लावायचा. नंदीचं उष्टं पोटात गेलं की बैल खायला लागतो. एरवी हे उजेडी, सगळ्यांदेखत. पण पट जवळ आला की कुणाचा बैल खात नाही हे कुणालाच कळू द्यायचं नसतं, म्हणून मग झुंजुरकाच, उजाडायच्या आधी, मुकाट. आणि आपला बादल खात नव्हता, म्हणून यांनी त्याला—

नत्थुजी खोकले. खोकला चांगला मोठा होता, पण उशिरा आला.

“बादल चांदूर बाजारले गेला न जी?” संध्यानं विचारलं. अकोल्यातली भाषा तिनं आता बाजूला ठेवली होती. “मीबी तिथलीच. कोणाच्या घरी उतरला?”

नत्थुजींनी चहाची बशी खाली ठेवली. मग उठले आणि मागच्या बाजूला चालू लागले. सरकी ढेपेच्या पोत्यांमागे, तट्ट्यानं झाकलेल्या अंधाऱ्या कोपऱ्यात बादल उभा होता. पांढराशुभ्र, देखणा, अंगावर एकही गाठ नाही. फक्त डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि कान धरला तर हाताला चटका बसत होता. नत्थुजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा संध्याला पहिल्यांदा दिसलं की या माणसाचं हसू कधीच संपलेलं होतं. लोकांना दिसायला तेवढं बाहेर ठेवलं होतं.

काडीची मस्करीही त्यातूनच निघाली होती. स्वप्निल आला तेव्हा बादलचा विषय निघेल या धास्तीनं त्यांनी नंद्या पुढे केला. तो दगड त्या पहाटे बादलनंच चाटलेला आहे, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. स्वतःच्या बैलाचा शेंबूड स्वतःच्या हातानं काडीवर घेऊन त्यांनी अकोल्याला पाठवला होता, आणि वर पारावर बसून हसले होते.

“रविवारचा पट होऊ द्या,” ते म्हणाले. “मंग सांगा कोणाले सांगाचं थे. मी त्याले पळवत नाई. पण पट बंद झाला आन् तो माह्या बैलापायी झाला, तं मले या गावात पारावर बसता नाई येणार.”

आता इथे संध्याच्या मनात जे आलं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर हिशोब एकाच बाजूनं लिहिल्यासारखा होईल. गप्प राहणं तिच्याही सोयीचं होतं. बादल असाच अंधारात राहू द्यायचा, गाठी येऊ द्यायच्या, आणि मग समितीपुढे म्हणायचं, बघा, एवढे दिवस आधी पकडला. गाजावाजा न होता हवा तसा पुरावा घरबसल्या तयार. पण रविवारी तीन तालुक्यांतल्या जोड्या येणार होत्या, आणि माश्यांना परवानगी लागत नव्हती. दुर्गाबाई तिच्याकडे बघत होत्या. बादलही बघत होता, पण तापामुळे त्याच्या बघण्याला काही अर्थ लावता येत नव्हता.

“सरकारी डॉक्टरले मी आजच फोन करतो,” ती म्हणाली. वऱ्हाडात घरच्या बायाही ‘करतो’च म्हणतात. “थे मले चुकत नाई. पण पट कोणापायी बंद झाला, हे गावाले तुमीच सांगा. रिपोर्ट तं नंदीचाच आला हाय ना? माह्या कागदावर बादलचं नाव अजून नाई.”

नत्थुजी अध्यक्ष उगाच झाले नव्हते. दुपारी त्यांनी पारावर गाव गोळा केलं आणि फेटा काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, आपण नंदीच्या रिपोर्टवर हसलो, ते चुकलं. जिथं प्रत्यक्ष नंदी आजारी आहे तिथं त्याच्यासमोर बैल पळवणं शोभत नाही. पट पुढे ढकलला आहे. नंदीच्या विरोधात कोण बोलणार? संध्या पाराच्या कडेला उभी राहून आपलं दीड वर्षाचं विज्ञान भक्तिमार्गाला लागताना बघत होती. तिला दोनदा बोलावंसं वाटलं. दोन्ही वेळा पट बंद झालेला आहे हे आठवून ती गप्प बसली.

शेषराव बोंड्यांना मात्र राहवलं नाही. नंदीचं समजलं, म्हणाले, पण बादल कुठं दिसून नाही राहिला तो?

नत्थुजींनी फेटा परत डोक्यावर ठेवला. “नंदीच्या सोबतीले बसला हाय,” ते म्हणाले. “बिमार हाय माहा बैल. अजून काही?”

इतक्या सरळ उत्तराची गावाला सवय नव्हती. शेषराव पुढे टोमणा मारतील म्हणून सगळे त्यांच्याकडे वळले, तर शेषराव घाम पुसत होते. नंतर संध्या आपली पिशवी भरत असताना ते हळूच जवळ आले आणि विचारू लागले की एका ओळखीच्या माणसाच्या बैलानं नंदीचा गूळ चाटला असेल तर काय करावं. त्यांच्यामागे आणखी दोघे उभे होते. त्यांच्याही ओळखीत अशी माणसं होती. स्वप्निलच्या काडीपुढे गावानं ठणठणीत तेवढे चौदा बैल उभे केले होते, आणि कुरकुरणारे सगळे तट्ट्यामागे ठेवले होते. लपवता न आलेला एकटा नंदीच होता.

ओळखीच्या माणसांचे तीन बैल आणि बादल असे चार नमुने संध्यानं स्वतः घेतले. बादल आणि शेषरावांचा एक बैल, दोन रेघा चढल्या. त्या बैलांना वेगळं ठेवलं, सरकारी डॉक्टरांनी औषधपाणी सुरू केलं, गोठ्यांत फवारणी झाली. समिती यायच्या आत दोन्ही बैलांच्या अंगावर गाठी उठल्या. फार नाहीत, पण समितीला दिसतील एवढ्या. संध्यानं दोन्ही बैलांचे फोटो पडद्यावर लावले, मग नंदीचाही लावला. समितीतले एक म्हातारे डॉक्टर नंदीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले की अख्ख्या गावातल्या आजारी जनावरांचा नमुना आयता एका जागी मिळतो, हे तुम्हाला सुचलं कसं? संध्या उत्तर द्यायच्या आत गावंडेसाहेब म्हणाले की हा पर्यावरणीय नमुना आहे आणि आमच्या प्रयोगशाळेचा पहिल्यापासून त्यावर भर आहे. त्या वाक्याच्या शेवटी ‘पण’ नव्हता. चाचणी पुढे चालू ठेवायला मंजुरी मिळाली, आणि आणखी वीस गावांतले नंदी तपासायची शिफारस झाली.

बादल बरा झाला, गाठी वाळून गळल्या. मग नत्थुजींचा फोन आला. पटाची नवी तारीख ठरवायची होती, पण नंदी बरा झाल्याचा कागद आल्याशिवाय गाव तारीख धरू देत नव्हतं. शेषरावांनी तसा ठरावच केला होता. संध्यानं नमुना मागवला. रेघ पुन्हा चढली. विषाणू मेलेला असला तरी त्याचे अवशेष दगडाच्या भेगांत राहतात आणि चाचणीला तेही सापडतात, हे तिनं फोनवर समजावून सांगितलं.

“म्हंजे मेलेलाबी पकडते?”

“हो.”

“हे तं आमच्या शेषरावासारखं झालं. मिटलेलं भांडणबी सोडत नाई.”

शेवटी संध्या स्वतः गेली. बादलीत ब्लीचिंग पावडरचं पाणी केलं, हातमोजे चढवले, आणि एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं नत्थुजी असे दोघं नंदीचं तोंड घासायला बसले. गाव भोवती उभं होतं. या वेळी कुणी फोटो काढत नव्हतं. घासून, धुऊन, वाळवून झाल्यावर संध्यानं कापसाची काडी ओठांवरून, नाकपुड्यांतून, भेगाभेगांतून फिरवली, नळीचं झाकण लावलं आणि सांगितलं की उद्या संध्याकाळपर्यंत रिपोर्ट येईल, तोवर याच्या तोंडाला कुणी काही लावायचं नाही. नत्थुजींनी तेच मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं: गूळ नाही, पेढा नाही, पुरणाचं बोट नाही.

मागून एका म्हातारीनं तांब्या पुढे केला. उद्यापर्यंत उपाशीच ठेवता का त्याले, म्हणाली, पाणी तरी पाजू द्या.

संध्यानं विचार केला. चाचणीला पाण्याचा अडथळा नव्हता.

“पाणी चालते,” ती म्हणाली.